खोली नंबर चार

किटली, एक.
टोस्टर, एक. तळाशी गेल्या भाडेकरूचे चुरे.
मायक्रोवेव्ह फिरतो,
पण त्यातली काचेची ताटली कुणी नेली, कुणाला माहीत नाही.
मी पिवळी पेटी उघडतो,
प्लग खोचतो, बटण दाबतो,
आकडा स्थिर होईपर्यंत थांबतो.
हिरवं लेबल. तारीख. सही.

हॅलिफॅक्सच्या चढावरचं काळपट दगडाचं घर,
सहा खोल्या, सहा कुलपं, एक स्वयंपाकघर.
मालक क्राउदर जिन्यात उभे.
काउन्सिलचा माणूस दोनला यायचाय,
"त्याच्या आत उरकशील ना?"
हातातल्या किल्ल्या सारख्या वाजतात.

खरं सांगायचं तर यंत्राला फार थोडं कळतं.
बरेचसे दोष नुसत्या डोळ्यांनाच सापडतात:
सोललेली वायर, तिच्यावर चिकटपट्टीची मलमपट्टी,
प्लगच्या पोटाशी तांबूस डाग.
आणि वास. करपलेल्या मासळीसारखा.
तो आला की आकडे वाचत बसायचं नाही.

अण्णा इचलकरंजीत मागांचे वायरमन.
तारेत जीव आहे का, ते उलट्या हाताने चाचपायचे.
"तळहात लावलास तर मूठ मिटते,
उलटा हात झटकला जातो. वाचतोस."
एवढंच त्यांचं सर्टिफिकेट.
मी इथे अर्थिंग मोजतो, ओहमच्या दशांशात.
फोनवर ते विचारतात,
"लागतो का रे तिकडे अर्थ?"
लागतो, मी म्हणतो.
बऱ्याच ठिकाणी लागतो.

खोली नंबर चार.
दार इल्दिकोने उघडलं, अर्धवट झोपेत.
चॉकलेटच्या कारखान्यात रात्रपाळी.
अंगात कोट, कोटावर रजई.
कोपऱ्यात पंख्याचा हीटर, तोंड लाल करून बसलेला.
बंद केला. प्लग उघडला.
फ्यूज कधीच गेलेला,
त्याच्याभोवती गुंडाळलेली चॉकलेटची चांदी,
नखाने दाबून, एक सुरकुती न ठेवता,
पोराच्या कापलेल्या बोटाला
कुणी चिंधी बांधावी तशी.

ती काही बोलली नाही.
मी रेडिएटरला हात लावला. सवयीने, उलटा.
गार.
"कधीपासून?"
ती बोटांवर महिने मोजू लागली,
एक हात पुरला नाही.

जिन्यातून आवाज: "चार झाली?"
मग दाराशी येऊन, हळू:
"नवा फ्यूज टाक ना, हिरवं लाव.
आणि हीटर तिचा आहे, माझा नाही."
तेही खरंच होतं.
पण प्लग आतून वितळला होता,
वायर वाळल्या शेंगेसारखी कडक.
मी लाल लेबल लावलं.
लाल लावताना माझा हात कधी अडत नाही.
त्या दिवशी अडला.
हीटर मी मारला
आणि थंडी तिथेच जिवंत सोडली.

फॉर्मवर रकाने असतात:
वस्तू, वर्ग, फ्यूज, निकाल, शेरा.
थंडीला रकाना नाही.
शेऱ्यात लिहिलं: खोली चार, रेडिएटर गार, सहा महिने.
क्राउदर चष्मा लावून वाचत राहिले.
"हे तुझं काम नव्हे."
बरोबर आहे, मी म्हटलं.
खोडलं नाही.

सही मी मराठीत करतो, बारीक: शि. बा.
कुणाला वाचता येत नाही, कुणी विचारत नाही.
या गावात चारेकशे किटल्यांच्या बुडाशी
माझी दोन अक्षरं आहेत,
पाणी उकळताना तीही थोडी तापत असतील.

बाहेर व्हॅनमध्ये बसलो,
चहाच्या थर्मासचं झाकण उघडायचं राहिलं.
ती चांदी माझ्याच खिशात आली होती.
स्टिअरिंगवर ठेवून नखाने सपाट करत राहिलो,
एक बाजू चकचकीत, एक काळी.
पुढच्या घराची वेळ टळत होती.
दोनला पाच कमी असताना
काउन्सिलची छोटी निळी गाडी
चढावर गिअर बदलताना ऐकू आली.